पासवर्ड बरोबर आहे, तरी फाईल जात नाही

नोव्हेंबर लागला की भंडारा जिल्ह्यात धान खरेदीची लगबग सुरू होते. लाखांदूर, पवनी, साकोली, तुमसर, मोहाडी, जिकडे जावे तिकडे केंद्रासमोर ट्रॅक्टर उभे, बारदान्याची विचारपूस, काट्याची वाट. पावती हातात पडली की शेतकऱ्याचा पुढचा प्रश्न एकच असतो: चुकारे कधी जमा होतील? पूर्वी याचे उत्तर रोखपालाच्या खिडकीत मिळे. आता पैसा थेट खात्यात येतो आणि त्याच्या आधी नाव, गाव, क्विंटल, खाते क्रमांक यांच्या याद्या एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाव्या लागतात. यादी अडली की पैसा अडतो. ती का अडली, हे रांगेतल्या कुणालाच दिसत नाही.

समजा, अशा एका संस्थेच्या कार्यालयात दिवसभराच्या नोंदींची फाईल रोज रात्री अकरा वाजता नागपूरच्या सर्व्हरवर पाठवायची आहे. रात्री कोणी थांबत नाही, म्हणून एक शेल स्क्रिप्ट लिहून ठेवली आहे. शेल स्क्रिप्ट म्हणजे लिनक्ससारख्या प्रणालीला एकामागून एक द्यायच्या आज्ञांचा साधा मजकूर: सर्व्हरशी जोड, लॉगिन कर, फाईल ठेव, बाहेर पड. दिवसा कर्मचाऱ्याने समोर बसून चालवली तर फाईल लगेच पोहोचते. रात्री यंत्राने एकट्याने चालवली की पोहोचत नाही. पासवर्ड तोच, सर्व्हर तोच, स्क्रिप्टही तीच. ही तक्रार जगभरच्या कार्यालयांत शब्दशः अशीच ऐकू येते आणि तिचे कारण शोधणारे बहुतेक लोक चुकीच्या जागी शोधतात. ते पासवर्ड पुन्हा पुन्हा तपासतात. शोध घ्यायचा असतो तो वेगळ्याच गोष्टीचा: समोर माणूस बसलेला असताना जे आपोआप मिळत होते, त्यातले काय रात्री गायब झाले?

(आज्ञांची आणि फाईलींची नावे या प्रकरणात देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर ती अर्थातच इंग्रजी लिपीत टाइप करायची.)

या गुंत्याचे मूळ समजायला थोडे मागे जावे लागते. फाईल पाठवण्याची जी सर्वांत जुनी आणि अजूनही टिकून असलेली पद्धत आहे, त्या एफटीपीचा पहिला आराखडा एका भारतीयाने लिहिला. अलाहाबादला जन्मलेले अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. पुढे ते एमआयटीत गेले आणि १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांच्या नावाने 'आरएफसी ११४' हा दस्तऐवज निघाला. तेव्हा आजचे इंटरनेट नव्हते, त्याचे पूर्वरूप असलेले अर्पानेट होते. मग सुधारणा होत गेल्या आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये जॉन पोस्टेल व जॉयस रेनॉल्ड्स यांनी 'आरएफसी ९५९' लिहिला. एफटीपीचा पाया आजही तोच आहे.

या १९८५च्या दस्तऐवजात एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली आहे: माणसाला टर्मिनलवर बसून ही पद्धत वापरता येईल, पण ती मुख्यतः प्रोग्रॅमनी वापरण्यासाठी घडवली आहे. म्हणूनच सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराआधी तीन अंकी क्रमांक असतो. क्रमांक प्रोग्रॅमसाठी, पुढचे वाक्य माणसासाठी. सर्व्हर तयार असेल तर २२०. नाव मिळाले, आता पासवर्ड द्या, तर ३३१. आत घेतले तर २३०. नाकारले तर ५३०. फाईल नीट पोहोचली तर २२६. पहिला अंक २ असेल तर काम झाले, ३ असेल तर आणखी काही हवे, ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे आणि ५ असेल तर त्याच मार्गाने पुन्हा जाण्यात अर्थ नाही. किती विचारपूर्वक केलेली रचना आहे ही! गेल्या पन्नास वर्षांत असंख्य तंत्रे आली आणि गेली, हे अंक मात्र तसेच राहिले.

इतकी सोय असूनही स्क्रिप्ट का अडखळते? कारण पद्धत प्रोग्रॅमसाठी असली तरी 'एफटीपी' नावाची जी आज्ञा आपण टाइप करतो, ती माणसासाठी लिहिलेली आहे. ती नाव विचारते, थांबते, पासवर्ड विचारते, थांबते, आणि पासवर्ड टाइप होताना तो पडद्यावर दिसू देत नाही. स्क्रिप्ट लिहिणारा या माणसासाठीच्या आज्ञेला माणसाशिवाय चालवू पाहतो. या प्रकरणात पुढे येणाऱ्या बहुतेक सगळ्या अडचणी या एका विसंगतीतून निघतात.

पहिली अडचण तर अगदी पहिल्याच प्रयत्नात भेटते. नवशिका स्क्रिप्टमध्ये सर्व्हरचे नाव लिहितो आणि खालच्या ओळींत नाव, पासवर्ड, फाईल ठेवण्याची आज्ञा असे सगळे देतो. शेलमध्ये याला 'हिअर डॉक्युमेंट' म्हणतात: जणू कोणी कळफलकावरून टाइप करत आहे, असा मजकूर आज्ञेला पुरवला जातो. पण जुनी एफटीपी आज्ञा पासवर्ड या मजकुरातून वाचतच नाही. ती थेट टर्मिनलकडे, म्हणजे माणसासमोरच्या पडदा-कळफलकाकडे, हात पुढे करते. रात्री टर्मिनलच नसते. दिवसा कर्मचारी समोर असतो, पासवर्ड विचारला की तो सवयीने टाइप करतो आणि स्क्रिप्ट चालली असे समजतो. इथेच 'दिवसा चालते, रात्री नाही' याचे पहिले उत्तर मिळते. उपाय सोपा आहे. आज्ञेला आडव्या रेघेसह 'एन' हा पर्याय दिला की ती आपणहून लॉगिन करायला जात नाही. मग मजकुरातल्या पहिल्या ओळीत 'यूजर' हा शब्द, त्यापुढे नाव आणि पासवर्ड, असे सगळे एकाच ओळीत द्यायचे.

हे केल्यावरही ५३० येऊ शकतो, आणि तेव्हा खरोखर पासवर्ड चुकीचा जात असतो, जरी फाईलमध्ये तो बरोबर लिहिलेला दिसत असला तरी. समजा पासवर्ड 'धान$२०२४' असा आहे. हिअर डॉक्युमेंटमध्ये शेलने डॉलरचे चिन्ह पाहिले की तिथे काहीतरी किंमत भरायची आहे असे ते समजते. $२ म्हणजे स्क्रिप्टला बाहेरून दिलेली दुसरी बाब. ती दिलेलीच नसते, म्हणून तिथे काहीच भरले जात नाही, आणि सर्व्हरला मिळतो 'धान०२४'. माणूस हाताने टाइप करतो तेव्हा मध्ये शेल नसते, म्हणून तोच पासवर्ड चालतो. हिअर डॉक्युमेंटच्या सुरुवातीला दिलेला खुणेचा शब्द अवतरणचिन्हांत घातला की शेल आतल्या मजकुराला हात लावत नाही.

याहून फसवी गोष्ट म्हणजे न दिसणारे अक्षर. स्क्रिप्ट किंवा पासवर्डची फाईल कोणीतरी विंडोजवर नोटपॅडमध्ये नव्याने लिहिते, जतन करते. विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हे घालते, लिनक्सला एकच अपेक्षित असते. उरलेले जास्तीचे चिन्ह पासवर्डला चिकटते. पडद्यावर ओळ अगदी निर्दोष दिसते आणि सर्व्हर मात्र दरवेळी नाकारतो. 'कॅट' आज्ञेला मोठ्या लिपीतल्या 'ए'चा पर्याय देऊन ती फाईल पाहिली, तर ओळीच्या टोकाला टोपी-चिन्ह आणि 'एम' दिसते. पासवर्डमागे चुकून राहिलेली मोकळी जागाही तिथेच उघडी पडते. कार्यालयात चार लोक चार यंत्रांवरून एकच फाईल हाताळत असतील, तर पासवर्ड बदलण्याआधी ही तपासणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहूच नये यासाठी जुनी सोय आहे ती 'नेटआरसी' फाईलची. वापरकर्त्याच्या गृह-निर्देशिकेत ती ठेवायची, तिच्यात सर्व्हर, नाव व पासवर्ड लिहायचा, आणि एफटीपी तिथून उचलते. पण ती फाईल इतरांना वाचता येत असेल तर आज्ञा ती वापरायलाच नकार देते. परवानगी ६०० हवी, म्हणजे वाचणे-लिहिणे फक्त मालकाला. शिवाय ही फाईल त्याच वापरकर्त्याच्या घरात हवी ज्याच्या नावाने रात्री स्क्रिप्ट चालते. या शेवटच्या अटीकडे पुन्हा वळावे लागेल.

आता एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. साध्या एफटीपीवर शेतकऱ्यांचे खाते क्रमांक पाठवू नयेत. या पद्धतीत नाव, पासवर्ड आणि फाईल तिन्ही उघड्या अक्षरांत तारेतून जातात, वाटेत ऐकणाऱ्याला ती जशीच्या तशी वाचता येतात. ही भीती पुस्तकी नाही. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरून ऐकण्याचा प्रकार घडला. तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून 'एसएसएच' ही सुरक्षित वाहिनीची पद्धत लिहिली. पोर्ट म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक: एफटीपीचे २१, दूरच्या यंत्रात लॉगिन करण्याच्या जुन्या टेलनेट पद्धतीचे २३. दोन्हींची जागा घेऊ पाहणाऱ्या या नव्या पद्धतीसाठी त्यांनी मधले २२ मागून घेतले आणि ते मिळाले. त्याच सुरक्षित वाहिनीवरून फाईल पाठवणारी पद्धत म्हणजे 'एसएफटीपी'. नावात साम्य असले तरी ती एफटीपीची सुधारित आवृत्ती नाही, तिची रचना मुळातच वेगळी आहे. क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीला निरोप दिला. कार्यालयांनीही द्यायला हवा. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला आहे. एखाद्याच्या खात्याची माहिती सांभाळणे ही आता केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही.

एसएसएचकडे वळल्यावर पासवर्ड स्क्रिप्टमधून सरकवण्याची युक्ती साफ बंद होते. पासवर्ड टर्मिनलवरूनच घ्यायचा, हे तिने कटाक्षाने पाळले आहे. यावर तोड म्हणून अनेक जण 'एक्सपेक्ट'कडे जातात. अमेरिकेच्या मानक संस्थेतले डॉन लिब्ज यांनी १९९० च्या सुमारास केलेले हे साधन मोठे कल्पक आहे. ते आज्ञेसाठी एक खोटे टर्मिनल उभे करते, पडद्यावर 'पासवर्ड' हा शब्द येण्याची वाट पाहते आणि आला की उत्तर टाइप करते. माणसाची हुबेहूब नक्कलच. पण समोरच्या सर्व्हरने विचारण्याचा शब्द बदलला, मध्ये एखादी सूचना दाखवली, किंवा ९० दिवस झाले म्हणून नवा पासवर्ड मागितला, की नक्कल तिथेच अडकते. ज्या जुन्या उपकरणाला दुसरी वाटच नाही तिथे एक्सपेक्ट वापरावे. फाईल पाठवायला नको.

खरी वाट किल्ल्यांच्या जोडीची आहे. एक खासगी किल्ली आपल्या यंत्रावर राहते, तिची सार्वजनिक जोड सर्व्हरवरच्या 'ऑथराइज्ड कीज' या फाईलमध्ये एका ओळीत जाते. लॉगिनच्या वेळी खासगी किल्ली तारेतून जात नाही, ती आपल्याकडे आहे एवढेच गणिताने सिद्ध होते. विचारायला काही नसल्यामुळे टर्मिनलची गरज संपते. सार्वजनिक किल्ली व्हॉट्सअॅपवरून किंवा ईमेलमधून पाठवून चिकटवताना ती लांब ओळ मध्येच तुटली, तर सर्व्हर तिला ओळखत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

किल्ली बसवूनही 'परमिशन डिनाइड' येते तेव्हा शोधाची पद्धत बदलावी लागते. आपल्या बाजूला कारण सहसा कळतच नाही. सर्व्हर मुद्दाम मोघम बोलतो. नाव चुकले की किल्ली चुकली हे बाहेरच्याला सांगितले, तर चोराचे निम्मे काम सोपे होईल. खरे कारण सर्व्हरच्या नोंदवहीत असते: उबुंटू-डेबियन घराण्यात 'ऑथ लॉग'मध्ये, रेडहॅट घराण्यात 'सिक्युअर' नावाच्या फाईलमध्ये. तिथे बहुधा सापडते ते असे, की गृह-निर्देशिका किंवा किल्लीची निर्देशिका इतरांना लिहिण्यासाठी उघडी आहे, म्हणून किल्ली वाचलीच गेली नाही. कोणीतरी सोयीसाठी ७७७ परवानगी, म्हणजे सर्वांना सर्व मोकळीक, दिलेली असते. लोकांना वाटते परवानगी जितकी सैल, तितके काम सुकर. एसएसएचमध्ये उलटे आहे. घर ७५५ किंवा त्याहून घट्ट, किल्लीची निर्देशिका ७००, किल्लीची फाईल ६००. खासगी किल्ली सैल असेल तर आपल्याच बाजूची आज्ञा ती नाकारते, पण निदान तसे मोठ्या अक्षरांत सांगते तरी.

म्हणून पलीकडच्या प्रशासकाला फोन करताना 'होत नाही' एवढेच सांगू नये. कोणत्या वापरकर्त्याने, कोणत्या आयपी पत्त्यावरून, नेमक्या किती वाजता प्रयत्न केला, हे तीन तपशील दिले की त्याला नोंदवहीतली ओळ शोधता येते. यासाठी दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवावीत आणि नोंदी १८० दिवस जपाव्यात असे म्हटले आहे. दोष शोधणाऱ्याला ही अट वरदानच आहे.

कधी कधी आपल्या बाजूला कुणी काही बदललेले नसते आणि तरी एका सकाळी सगळे थांबते. सर्व्हर अद्ययावत झालेला असतो. ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित प्रोग्रॅमच्या सप्टेंबर २०२१ मधल्या ८.८ आवृत्तीने आरएसए किल्लीची 'शा-१' वर आधारलेली जुनी सही घेणे बंद केले. किल्ली तीच चालते, सहीची रीत नवी हवी. पण कार्यालयात अजून सेंटओएस ६ ही जुनी लिनक्स प्रणाली असलेले यंत्र असेल, तर त्याला नवी रीत येतच नाही. त्या प्रणालीचा आधार ३० नोव्हेंबर २०२० रोजी संपला. अशा वेळी सर्व्हरवाल्याला जुनी सही घ्यायला लावण्यापेक्षा आपले यंत्र बदलणे योग्य.

आता रात्रीच्या त्या वेळेकडे येऊ. ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या यंत्रणेला 'क्रॉन' म्हणतात. क्रॉन स्क्रिप्टला जे वातावरण देते ते माणसाच्या लॉगिनपेक्षा फार उघडेबोडके असते. आज्ञा शोधण्याच्या जागा मोजक्याच, आपल्या सवयीच्या खात्यातल्या सेटिंग वाचलेल्या नाहीत, दिवसा एकदा परवलीचे वाक्य देऊन उघडून ठेवलेली किल्ली सांभाळणारा 'एजंट'ही जवळ नाही. पण सगळ्यांत जास्त वेळा सापडणारा दोष वेगळाच आहे. कर्मचाऱ्याने स्क्रिप्ट स्वतःच्या खात्यातून तपासलेली असते आणि क्रॉनमध्ये ती 'रूट'च्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य प्रशासकाच्या, नावाने लावलेली असते. रूटचे घर वेगळे. तिथे ना नेटआरसी, ना किल्ली, ना सर्व्हरची ओळख. वर जिथे थांबलो होतो ती अट इथे लागू पडते: ज्या नावाने रात्री चालणार, त्याच नावाने दिवसा तपासा. 'एनव्ही' आज्ञेला 'आय'चा पर्याय देऊन वातावरण पुसून स्क्रिप्ट चालवली, तर रात्रीचा दोष भरदुपारी दिसतो. किल्लीचा आणि फाईलींचा पूर्ण मार्ग स्क्रिप्टमध्ये लिहावा, म्हणजे घर कोणाचे हा प्रश्नच उरत नाही. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचे चिन्ह नवी ओळ मानले जाते, म्हणून तारखेवरून फाईलचे नाव बनवणारी आज्ञा तिथेच मोडते. आणि स्क्रिप्ट चालवणारे यंत्र जागतिक वेळेवर असेल, तर अकराची फाईल आपल्या पहाटे साडेचारला निघते, जेव्हा पलीकडे कदाचित देखभालीसाठी दार बंद असते.

सर्व्हरची ओळख हा विषय स्वतंत्रपणे समजून घ्यावा असा आहे. प्रत्येक एसएसएच सर्व्हरला स्वतःची किल्ली असते. पहिल्यांदा जोडताना तिचा ठसा दाखवून 'विश्वास ठेवू का?' असे विचारले जाते आणि हो म्हटले की तो 'नोन होस्ट्स' फाईलमध्ये जपला जातो. बँकेत खातेदाराच्या सहीचा नमुना ठेवतात तसाच हा नमुना. पुढच्या वेळी सही जुळली नाही तर व्यवहार थांबतो. दिवसा माणूस 'यस' टाइप करतो, रात्री तो प्रश्न ऐकायला कोणी नसते आणि लॉगिन पासवर्डपर्यंत पोहोचण्याआधीच संपते. सर्वत्र सुचवला जाणारा उपाय म्हणजे ही पडताळणीच बंद करणे. तो उपाय मी कधीही मान्य करणार नाही. त्याने स्क्रिप्ट चालते, पण खाते क्रमांकांची यादी कोणाच्या हातात दिली हे कळत नाही. योग्य रीत अशी: पलीकडच्या प्रशासकाकडून फोनवर ठसा विचारून घ्यावा, जुळवावा आणि ज्या खात्यातून क्रॉन चालते त्याच्या फाईलमध्ये आधीच नोंदवून ठेवावा. ओळख बदलल्याचा इशारा आला तर तो खराही असू शकतो. मार्च २०२३ मध्ये गिटहब या प्रोग्रॅम साठवणाऱ्या संकेतस्थळाची आरएसए खासगी किल्ली चुकून थोडा वेळ उघड झाली. कंपनीने ती बदलली आणि जगभरच्या असंख्य स्क्रिप्ट त्या दिवशी थांबल्या. त्या थांबल्या हेच बरोबर होते. कंपनीने नवा ठसा जाहीर केला, लोकांनी तो पडताळून घेतला आणि कामे पुन्हा सुरू झाली.

एक दोष मला फार आवडतो, कारण त्याचे उत्तर दोषातच दडलेले असते. किल्ली मान्य होते, लॉगिन होते आणि एसएफटीपी लगेच म्हणते: संदेश फार मोठा आला, १४६६२६४६७५. इतका मोठा संदेश कोणी पाठवला? हा आकडा २५६च्या पटीत फोडून पाहा. ८७, १०१, १०८, ९९ असे चार अंक निघतात. संगणकाच्या अक्षरकोष्टकात हे चार अंक म्हणजे इंग्रजी 'वेलकम' या शब्दाची पहिली चार अक्षरे. सर्व्हरवरच्या खात्यात कुणीतरी स्वागताची ओळ छापणारी आज्ञा घालून ठेवली आहे. एसएफटीपीला तिथे आधी संदेशाची लांबी अपेक्षित होती, म्हणून स्वागताची अक्षरेच तिने लांबी म्हणून वाचली. ती ओळ केवळ माणूस आत आला तरच छापली जावी, असे केले की दोष जातो.

काही वेळा लॉगिनचा काहीच दोष नसतो. एफटीपीत २३० येतो, म्हणजे आत घेतलेले असते, पण फाईलींची यादी मागितली की सगळे गोठते, नाहीतर ४२५ येतो. एफटीपी आज्ञांसाठी एक आणि माहितीसाठी दुसरी अशा दोन जोडण्या वापरते. जुन्या 'अॅक्टिव्ह' रीतीत दुसरी जोडणी सर्व्हर आपल्याकडे करू पाहतो आणि राउटरच्या मागे बसलेल्या यंत्रापर्यंत तो पोहोचू शकत नाही. 'पॅसिव्ह' रीत लावावी. अंक वाचायची सवय असेल तर हा दोष ओळखायला मिनिट लागत नाही. नसेल तर लोक पुन्हा पासवर्डच बदलत बसतात.

ही अंक वाचण्याची सवय स्क्रिप्टलाही हवी आणि नेमकी तिथेच सर्वांत मोठी चूक होते. जुनी एफटीपी आज्ञा लॉगिन नाकारले गेले तरी बाहेर पडताना शून्य परत करते, आणि शेलच्या भाषेत शून्य म्हणजे सर्व ठीक. स्क्रिप्ट पुढे जाते आणि पुढच्या ओळीत बहुधा 'पाठवून झाली, मूळ फाईल काढून टाक' असे लिहिलेले असते. दिवसभराच्या नोंदी अशा नाहीशा होतात. त्यामुळे साधी एफटीपी वापरावीच लागली तर तिचे सगळे बोलणे एका फाईलमध्ये साठवून त्यात २२६ आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. फाईल पाठवणारी दुसरी आज्ञा 'कर्ल' या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. सर्व्हरचे नाव सापडले नाही तर ६, जोडणी झाली नाही तर ७, लॉगिन नाकारले तर ६७. एसएफटीपीला आज्ञांची फाईल 'बी' पर्यायाने दिली तर एखादी आज्ञा फसताच ती थांबते आणि शून्याखेरीज अंक परत करते. जोडणीच फसली तर एसएसएच २५५ देते. ६ किंवा ७ आला तर पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करावा. ६७ किंवा ५३० आला तर करू नये. चुकीचा पासवर्ड दहा वेळा देणारी स्क्रिप्ट खाते कुलूपबंद करून घेते आणि मग बरोबर पासवर्डही चालत नाही.

पाठवणाऱ्याने ओरडावे हे झालेच, पण घेणाऱ्यानेही वाट पाहावी. भंडाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणाचे पाणी वैनगंगेत आले, भंडारा शहरात आणि पवनीकडे पूर शिरला, गोसीखुर्द धरणाची सर्व ३३ दारे उघडावी लागली. नदीच्या वरच्या अंगाला पडलेला पाऊस काही तासांनी इथे पोहोचतो. पाण्याच्या पातळीचा किंवा पावसाचा आकडा पाठवणारे कोणतेही यंत्र जर लॉगिनपाशी अडकले, तर पलीकडच्या पडद्यावर काहीच दिसत नाही, आणि काही न दिसणे हे शांततेसारखे भासते. म्हणून ठरल्या वेळी फाईल आली नाही तर घेणाऱ्या यंत्रानेच इशारा द्यावा. पाठवणारे यंत्र वीज जाऊन बंद पडले असेल तर त्याच्याकडून तक्रारीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. धानाच्या यादीलाही हाच नियम लावावा.

तुमच्या कार्यालयात, बँकेत, पतसंस्थेत किंवा महाविद्यालयात अशी एखादी स्क्रिप्ट रात्री चालत असेल, तर पलीकडच्या प्रशासकाला सांगून एक चाचणी-खाते मागून घ्या. त्या खात्याची किल्ली मुद्दाम काढून ठेवा आणि स्क्रिप्टला एक रात्र चालू द्या. सकाळी दहाच्या आत कोणाच्या फोनवर निरोप आला नाही, तर दुरुस्ती त्याच दिवशी सुरू करा, खरेदीचा हंगाम उघडण्याची वाट पाहू नका.